कोल्हापुरातून डॉकात: जहाजाच्या रंगकामाला निघालेल्या नव्या पोरांसाठी

कोल्हापूरला समुद्र नाही, रंकाळ्याच्या चौपाटीवर आपण हौस भागवून घेतो. तरी शिरोलीतल्या माझ्या ब्लास्टिंग-पेंटिंगच्या (हवेच्या जोरानं बारीक दाणे मारून लोखंड साफ करायच्या आणि मग रंगवायच्या) शेडवर वर्षातून पाच-सहा पोरं येतातच. "काका, वास्कोला जहाजाच्या कामाला चाललोय, काय शिकून जाऊ?" मी स्वतः चौदा वर्षं डॉकात, म्हणजे जहाजांच्या गोदीत, काढली. हेल्पर म्हणून शिरलो, रंगाचा सुपरवायझर होऊन परत आलो. आता साखर कारखान्यांच्या टाक्या आणि पुलांचे गर्डर रंगवतो. या पोरांचा पहिला प्रश्न पगाराचा असतो आणि दुसरा, रंग फवारायची गन हातात कधी मिळणार? गन शेवटी, भावा. तिच्या आधी काय काय येतं ते खाली क्रमानं सांगतो.

त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. जहाजाच्या पोटात बॅलास्ट टँक असतात. माल नसताना जहाज स्थिर राहावं म्हणून त्यात समुद्राचं पाणी भरतात. या टाक्यांच्या रंगासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००६ साली नियम केले आणि त्यात रंग १५ वर्षं चांगला राहावा हे उद्दिष्ट धरलं. पत्रा किती साफ हवा, हवा किती दमट चालेल, थर किती जाड हवा, सगळं त्यात आकड्यांत लिहिलंय. काम त्या आकड्यांत बसलं नाही तर इन्स्पेक्टर खडूनं गोल मारतो. गोल मारला की तुम्ही ग्राइंडर घेऊन पुन्हा त्याच अंधाऱ्या टाकीत, पुन्हा धूळ, पुन्हा थिनरचा वास, पुन्हा परांचीवर. डॉकात मी पाहिलेले निम्म्याहून जास्त अपघात असल्या दुसऱ्यांदा कराव्या लागलेल्या कामात झाले. त्या वेळी घाई असते, हवा खेळवणारा ब्लोअर दुसरीकडे नेलेला असतो आणि 'दहा मिनिटांचं तर काम' म्हणून परमिट, म्हणजे टाकीत उतरायची लेखी परवानगीही काढलेली नसते. म्हणून काम एकदाच नीट करणं हीच मी पहिली सेफ्टी मानतो, हेल्मेट त्यानंतर.

पत्रा: रंगाआधीचं काम

ज्यांनी फाउंड्रीत फेटलिंग, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायचं काम केलंय त्यांना हे लवकर कळतं. कास्टिंगच्या कडेची बर काढतो तसेच इथं वेल्डिंगचे चिकटलेले शिंतोडे काढायचे, गॅसनं कापलेल्या कडा घासायच्या. धारदार कडेवर रंग थांबत नाही. ओला असताना तो धारेपासून मागे सरकतो आणि तिथं थर कागदासारखा पातळ राहतो. गंज पहिला धरतो तो तिथंच. म्हणून कडेला दोन मिलिमीटरची गोलाई द्यायची किंवा ग्राइंडरचे तीन हात मारायचे. बोटाला हातमोजा घालून कडेवरून फिरवा. मोजा अडकला तर कड अजून राहिली आहे.

मग तेल. ब्लास्टिंगच्या आधी ग्रीस, तेल, खडूच्या आणि मार्करच्या खुणा क्लीनरनं पुसून काढायच्या. आधी ब्लास्टिंग केलं तर ग्रिट, म्हणजे ब्लास्टिंगचे दाणे, तेच तेल पत्र्यात ठोकून बसवतं. पुसताना चिंधी बदलत राहा. एकाच काळ्या बोळ्यानं दहा फूट पुसलं तर तेल निघत नाही, पसरतं.

त्यानंतर मीठ, आणि हे आपल्याला कोल्हापुरात माहीतच नसतं. समुद्रकाठच्या हवेत मीठ असतं आणि ते पत्र्यावर बसतं, डोळ्यांना दिसत नाही. त्यावर रंग दिला तर मीठ रंगाखालून पाणी ओढतं आणि दोन-तीन महिन्यांत रंगाला फोड येतात. उपाय साधा आहे, गोड्या पाण्यानं प्रेशर मारून धुणं. टँकसाठी मर्यादा चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम. एक छोटी चिकटपट्टी पत्र्याला लावून, तिच्यात सुईनं शुद्ध पाणी भरून ते मीटरवर मोजतात. इन्स्पेक्टर हे करत असताना जवळ उभं राहून बघा, कोणी हाकलत नाही.

मग ब्लास्टिंग. डॉकात तुम्हाला 'एसए टू अँड हाफ' हे शब्द दिवसातून वीस वेळा ऐकू येतील. पत्रा जवळजवळ पांढरा, गंज आणि स्केल (नव्या पत्र्यावरचा काळा पापुद्रा) गेलेला, फार तर हलक्या डागांच्या सावल्या उरलेल्या, असा त्याचा अर्थ. आपल्या शॉट ब्लास्टिंग मशीनमधून कास्टिंग बाहेर येतं त्या रंगाचा पत्रा डोळ्यांसमोर आणा. शिवाय पत्रा खरखरीतही हवा, ३० ते ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गुळगुळीत पत्र्याला रंग धरत नाही. फार खरखरीत झाला तर टोकं रंगातून वर डोकावतात.

ब्लास्टिंगला नदीची किंवा फाउंड्रीची वाळू कोणी दिली तर हात लावू नका. वाळूतली सिलिका फुटून तिची बारीक धूळ होते, ती फुफ्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. कॉपर स्लॅग, गार्नेट किंवा स्टील ग्रिट, यातलंच काही वापरायचं. आणि आपल्याकडची समजूत इथंच मोडून काढतो: संध्याकाळी गुळाचा खडा खाल्ला की छातीतली धूळ निघते म्हणतात. गूळ आपला लाडका, मी पण खातो. पण गूळ जातो पोटात आणि धूळ बसते फुफ्फुसात. वाटा वेगळ्या आहेत.

ब्लास्टरच्या हेल्मेटला बाहेरून हवेची नळी असते. ती हवा देणारा कॉम्प्रेसर कुठं उभा आहे ते रोज सकाळी स्वतः जाऊन बघा. त्याच्या तोंडाजवळ डिझेल जनरेटरचा धूर येत असेल तर तो धूर थेट तुमच्या हेल्मेटमध्ये येतोय. नॉझलजवळची डेडमॅनची मूठ, म्हणजे हात सुटला की ब्लास्टिंग बंद करणारी, तारेनं बांधून ठेवलेली दिसली तर त्या पाइपला हात लावू नका. सात बारच्या प्रेशरनं सुटलेला पाइप सापासारखा फिरतो आणि वाटेत मांडी आली तर कापडासकट सोलतो.

दव मोजल्याशिवाय डबा उघडायचा नाही

थंड ताकाचा तांब्या बाहेरून घामाघूम होतो, तेच पत्र्याचं. पत्रा हवेपेक्षा थंड असेल तर हवेतलं पाणी त्यावर बसतं. कधी ते दिसतं, कधी नुसती वाफेसारखी झिलई असते. म्हणून नियम दोन: हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर नको आणि पत्रा दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसायला लागतं त्यापेक्षा, किमान ३ अंशांनी गरम हवा.

उदाहरण घ्या. हवा ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. तक्त्यात बघितलं तर दवबिंदू २६ च्या आसपास येतो. म्हणजे पत्रा २९ चा तरी हवा. सकाळी सहाला पत्र्याचा थर्मामीटर लावला तर तो २७ दाखवतो. हाताला कोरडा लागतोय, आर्द्रताही ८५ च्या आत आहे, पण रंग द्यायचा नाही. ऊन येईपर्यंत थांबायचं किंवा टाकीत हवेतला ओलावा काढणारा डीह्युमिडिफायर चालवायचा.

मी दुसऱ्या वर्षाला असताना एका डॉकात (नाव नको) ठेकेदारानं पहाटे साडेपाचला कामाला लावलं. जहाज भरतीला पाण्यात सोडायचं होतं. मी मापं न घेता वहीत कालचेच आकडे उतरवले. रंग मस्त चमकला. तिसऱ्या आठवड्यात नखानं उचलला तर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा हातभर रंग एका तुकड्यात निघाला. खाली पत्रा स्वच्छ, रंगाचा ठिपकाही नाही. ठेकेदाराचं मी सांगतो, पण वहीतली खोटी ओळ माझ्या अक्षरातली होती. नऊ जण अकरा दिवस तेच काम पुन्हा करत होते.

सराव करायला वास्कोला जायची गरज नाही. ओल्या-कोरड्या बल्बचा फिरवायचा हायग्रोमीटर घ्या आणि जुलैत पंचगंगेच्या घाटावर सकाळ, दुपार, संध्याकाळ फिरवून बघा. आठवडाभर आकडे लिहिलेत की रंगाला योग्य दिवस कसा ओळखायचा ते कळतं. जुलैत तसा दिवस फारसा सापडणार नाही, तेही कळतं.

रंग कालवणं

थोडक्यात सांगतो, कारण डब्यावर सगळं लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. इपॉक्सीचे दोन भाग येतात, बेस आणि हार्डनर. आधी बेस एकटा मशीननं ढवळायचा, तळाची पेंड वर यायला हवी. मग हार्डनर पूर्ण ओतायचा. अर्धा डबा वापरायचाच असेल तर मापानं, अंदाजानं नाही. हार्डनर कमी पडलेला रंग कधीच नीट वाळत नाही, चिकटच राहतो. जुन्या डब्यावर दुधावर येते तशी साय धरलेली असेल तर ती ढवळून आत मिसळू नका, काढून टाका आणि रंग जाळीतून गाळा. नाहीतर तोच तुकडा गनच्या टिपमध्ये अडकतो.

कालवलेल्या रंगाचं आयुष्य तासांत असतं आणि ऊन वाढलं की झपाट्यानं कमी होतं. दहा अंश वाढले की साधारण निम्मं. एप्रिलच्या दुपारी २५ अंशांचा आकडा धरून चाललात तर पंपातच दगड होईल. घट्ट व्हायला लागलेला रंग थिनर ओतून मऊ करता येतो, पण तो मेलेला असतो.

टाकीत उतरणं

हा भाग दोनदा वाचा.

आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून बघायचे. कंदील विझला तर खाली हवा नाही. ती अक्कल बरोबर होती. पण रंगाच्या टाकीत कंदील विझत नाही, टाकी पेटते. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाला साचते. झायलीनसारख्या थिनरची वाफ हवेत फक्त एक टक्का झाली तरी ठिणगी पुरते. आणि नाकावर विसंबू नका. पाच मिनिटांत नाकाला वासाची सवय होते आणि वाटतं, वास गेला.

म्हणून उतरण्याआधी मॅनहोलवर, म्हणजे टाकीत उतरायच्या तोंडाशी, उभं राहून या गोष्टी विचारायच्या. लाजायचं नाही, मुकादम हसला तर हसू दे.

परमिट आजचं आहे का आणि ते या टाकीचं आहे का? बाजूच्या टाकीत वेल्डिंग चालू आहे का? मधली भिंत एकच असते, पलीकडची उष्णता अलीकडचा रंग पेटवते.

मीटर कोणी लावला? ऑक्सिजन २०.९ टक्के असायला हवा, १९.५ च्या खाली असेल तर उतरायचं नाही. पेट घेणाऱ्या वाफेचं प्रमाण तिच्या पेटण्याच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत हवं. मीटर दोरीनं तळापर्यंत सोडून घेतलेला हवा, नुसता तोंडाशी धरलेला नको. काम चालू असतानाही तो आत चालू राहायला हवा.

हवा कशी खेळतेय? वाफ तळाला असते म्हणून ओढणारा पाइप तळापर्यंत गेलेला पाहिजे आणि ताजी हवा वरून आली पाहिजे. एकाच मॅनहोलमधून दोन्ही चालू असेल तर हवा दारातल्या दारात फिरते, कोपऱ्यात जात नाही. रंग संपल्यावर ब्लोअर बंद करायचा नाही. खरी वाफ तर रंग वाळताना निघते.

आतला दिवा फ्लेमप्रूफ आहे का? हातातला दिवा २४ व्होल्टचा हवा. मोबाइल बाहेर, लायटर बाहेर. पंपाला आणि गनला अर्थिंगची वायर आहे का? प्रेशरनं उडणारा रंग स्वतःच वीज तयार करतो, नायलॉनचा शर्टही.

मॅनहोलवर माणूस कोण आहे? त्याचं काम फक्त बघणं. तो चहा आणायला जाणार नाही आणि आत कोणी पडलं तर तो एकटा खाली उडी मारणार नाही. तो हाक देईल, अलार्म देईल आणि दोरीनं ओढेल. एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, असे विहिरीतले मृत्यू आपण वर्तमानपत्रात वाचतो. जहाजातही तसंच होतं.

माझंच सांगतो. डबल बॉटममध्ये, म्हणजे जेमतेम रांगत जाता येतं अशा जागेत, मी ब्रश मारत होतो. तोंडावर कार्ट्रिजचा मास्क होता. वर कोणीतरी ग्राइंडर लावायला ब्लोअरची पिन काढली. मला कळलंच नाही, उलट मजा वाटायला लागली. मी गाणं म्हणत होतो, असं नंतर वरच्या पोरानं सांगितलं. गाणं बेसूर आणि अडखळत यायला लागलं तसं त्यानं दोरी ओढली. तो नुसता बसून मोबाइल बघत असता तर हा लेख लिहायला मी नसतो. कार्ट्रिजचा मास्क हवा गाळतो, हवा तयार करत नाही. टाकीत स्प्रे करायचा असेल तर बाहेरून हवा येणारा मास्कच हवा. वरच्या भागाला पॉलियुरेथेनचा चकचकीत कोट देतात, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्यानं एकदा दमा जडला की पुढं थोड्याशा वासानंही श्वास कोंडतो आणि हा धंदाच सोडावा लागतो. आणि दाढी काढा. दाढीवर मास्क बसत नाही, मग तो कितीही महागाचा असो.

आता गन

एअरलेस पंप म्हणजे हवा न मिसळता नुसत्या दाबानं रंग फवारणारा पंप, त्यावर ४५:१ असं काहीतरी लिहिलेलं असतं. कॉम्प्रेसरची ५ बार हवा दिली की रंग २२५ बारनं बाहेर पडतो. बुलेटच्या टायरात दोन-सव्वादोन बार असतात, म्हणजे शंभरपट. हा फवारा हातमोज्यातून आणि कातडीतून आरपार जातो. दिसायला सुई टोचल्यासारखा ठिपका, दुखतंही कमी. पोरं पट्टी बांधून कामाला लागतात आणि बोट गमावतात. रंग आत पसरत जातो, काही तासांत ऑपरेशन लागतं. ठिपका कितीही लहान असो, लगेच हॉस्पिटल, सोबत डब्याचा माहितीकागद, आणि 'हाय प्रेशरनं रंग आत गेलाय' हे शब्द तिथं उच्चारायचेच. टिप चोंदली तर आधी गन लॉक, पंप बंद, प्रेशर सोडायचं, मगच हात.

टिपवरचा आकडा वाचायला शिका. ५१७ म्हणजे पहिल्या पाचाची दुप्पट, दहा इंच पट्टा, आणि भोक १७ हजारांश इंच. गन पत्र्यापासून फूटभर, काटकोनात, हात सरळ रेषेत न्यायचा. मनगटानं हलवली तर मध्ये जाड आणि कडेला भुकटी. प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर.

गनच्या आधी मात्र ब्रश. वेल्डिंगच्या रेषा, कडा, भोकं, पट्ट्यांच्या मागच्या बाजू, जिथं फवारा पोहोचत नाही, तिथं स्ट्राइप कोट हातानं द्यायचा. टँकला दोन स्ट्राइप आणि दोन स्प्रे. कंटाळवाणं काम आहे, नव्या पोरांनाच मिळतं. पण जहाज पाच वर्षांनी परत आल्यावर गंज कुठं आहे ते बघितलंत तर ब्रश कोणी चुकवला ते ओळखता येतं.

हिशेब शिका, यात तुमची किंमत वाढते. टँकचा सुका थर एकूण ३२० मायक्रॉन, म्हणजे दोन हातांत १६०-१६०. डब्यावर घन भाग, म्हणजे वाळल्यावर उरणारा रंग, ८० टक्के लिहिलाय. १६० भागिले ०.८०, ओला थर २०० हवा. रंग ओला असतानाच थर मोजायचा दातेरी कंगवा टेकवून बघा. वाळल्यावर मीटरनं मोजाल तेव्हा दहापैकी नऊ ठिकाणी ३२० किंवा वर, आणि उरलेल्या ठिकाणीही २८८ च्या खाली नको. एका लिटरमध्ये किती जागा होते? ८० गुणिले १० भागिले १६०, पाच चौरस मीटर. त्यातलं उडून आणि डब्याला लागून जातं ते धरा, साडेतीन मिळाले तरी बरं. हा हिशेब करून रंग मागवणारा हेल्पर मी दोन वर्षांत चार्जहँड, म्हणजे टोळीचा प्रमुख, झालेला पाहिलाय.

सांडलेलं आणि उडालेलं

पंचगंगेवरचा फेस आणि मेलेले मासे आपण बघितलेत, त्यामुळे हे समजावून सांगायला लागू नये. जहाजाच्या बुडाला शेवाळ-शंख धरू नये म्हणून विषारी रंग देतात. त्यातलं टीबीटी नावाचं विष इतकं वाईट निघालं की २००८ पासून जगभर बंद झालं, आणि २०२३ पासून सायब्युट्रिन नावाचं दुसरं विषही. आज चालतात ते रंगही विषारीच आहेत, म्हणून तर चालतात. त्यामुळे बुडाचं खरवडलेलं ग्रिट, धुतलेलं पाणी, काहीही डॉकाच्या गटारात जाऊ द्यायचं नाही. ताडपत्री आधी पसरायची, ग्रिट रोज गोळा करून वेगळ्या पोत्यात भरायचं, पोत्यावर नाव. वारं सुटलं की बाहेरचा स्प्रे बंद. एकदा आमचा रंग उडून पार्किंगमधल्या गाड्यांवर बसला होता, दोन दिवस सगळी टोळी गाड्या पुसत होती.

थिनर वाचवायचं असेल तर पंप कामाच्या जवळ न्या. पाइप जितका लांब तितका त्यात रंग अडकतो आणि तितकं थिनर धुवायला जातं. काही यार्डांत बेस आणि हार्डनर पंपातच मापानं मिसळतात, तिथं कालवलेला रंग वाया जात नाही. काही ठिकाणी ग्रिटऐवजी १७०० बारच्या वर पाण्यानं साफ करतात. धूळ नाही, मीठही धुतलं जातं, पण पत्र्यावर लगेच तांबूस गंज येतो. तो कितपत चालेल ते रंगाच्या कागदावर बघायचं.

आणि थिनरनं हात धुऊ नका. सगळे धुतात, मीही धुतले. तळहात बाभळीच्या सालीसारखे झाले आणि हिवाळ्यात भेगांतून रक्त यायचं. कामाआधी हाताला क्रीम, कामानंतर साबण. मग जेवण.

निघण्याआधी

बॅगेत बूट, हातमोजे, वही-पेन्सिल आणि छोटा कॅल्क्युलेटर टाका, कारण मोबाइल आत नेता येत नाही. त्याआधी एक महिना घरी एवढं करा. फूटभर लोखंडी पट्टी घ्या. अर्धी बाजू नीट: कडा गोल, तेल पुसलेलं, घासून चकचकीत, दुपारी कोरड्या हवेत दोन हात. अर्धी बाजू मुद्दाम हलगर्जी: बोटाचं तेल तसंच, कड धारदार, पहाटेच्या दवात एक जाड हात. पट्टीवर खिळ्यानं दोन्हीकडे एकेक ओरखडा काढा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत दोन्ही बाजू सारख्या भिजतील अशी बुडवून ठेवा. महिन्यानं ती पट्टी घेऊन शिरोलीला या, मग गनचं बोलू.